दुसऱ्याचं कुलूप

बेचाळिसाव्या वर्षी कुणी 'शिकाऊ' म्हटलं की तमाराला पहिल्या वर्षी राग यायचा, दुसऱ्या वर्षी हसू यायचं, आणि आता शिक्षण संपत आलं तेव्हा काहीच यायचं नाही. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या बरोबरीच्या बायकांनी वृद्धाश्रमात नाहीतर दुकानांच्या गल्ल्यावर नोकऱ्या धरल्या. हिने वायरमनकी शिकायचं ठरवलं. "लोकांची पोरं घरट्यातून उडतात, माझी पोर परत शाळेत चालली," असं आई तेव्हा म्हणाली होती. आई अजूनही अधूनमधून तेच म्हणते, पण आता म्हणताम्हणता बटाटा भरलेल्या पिरोगींचा डबा भरून हातात देते.

थंडर बेच्या बंदरात हिवाळ्यात जहाजं येत नाहीत. सरोवर गोठतं, धान्याची कोठारं गप्प होतात आणि वायरमन लोकांचा हंगाम सुरू होतो. वर्षभर धान्य वाहून दमलेले पट्टे, मोटारी, करपलेल्या तारा, सगळं या तीन-चार महिन्यांत उघडायचं आणि बर्फ फुटायच्या आत मिटवायचं. कोठार म्हणजे काँक्रीटच्या उभ्या नळ्यांची रांग, आणि त्यांच्या डोक्यावर, आठव्या मजल्यावर, पट्ट्यांची लांबलचक गॅलरी. आत शेगडी लावायची सोय नाही, कारण धान्याची धूळ पेट घेते. बाहेर उणे पंचवीस असलं तर आत उणे वीस, एवढाच काय तो पाहुणचार. हातमोजे घातले तर बारीक स्क्रू धरता येत नाही आणि काढले तर काहीच धरता येत नाही. आठवडाभर हे करायचं, आणि शनिवारी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर परीक्षेची गणितं सोडवायची. तमारा गणितं सोडवता सोडवता वहीवर डोकं टेकून झोपायची. आई तिच्या पाठीवर शाल टाकायची, उठवायची नाही.

तिचा उस्ताद रेइनो लाहती त्रेसष्ट वर्षांचा होता. सगळे त्याला 'उक्को' म्हणायचे. फिनिश लोक म्हातारबाला तसं म्हणतात, आणि रेइनोला ते तिशीतच चिकटलं होतं, कारण तो तिशीतही म्हाताऱ्यासारखाच वागायचा. कामात घाई नाही, बोलण्यात साखर नाही. पहिल्या दिवशी त्याने तमाराच्या हातात पकड दिली नाही की पाना दिला नाही. एक लाल कुलूप दिलं. त्याच्यावर तिचं नाव आणि फोटो होता.

"कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा," तो म्हणाला. "दांड्यात हा सहा भोकांचा लोखंडी पंजा अडकवायचा. पंज्यात आपलं कुलूप. चावी आपल्या खिशात. जेवढी माणसं आत, तेवढी कुलपं. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय दांडा वर जात नाही. आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही."

"देवाचं असलं तरी?" तमारा नवीनच होती, जीभ वळवळत होती.

"देव आपल्या युनियनमध्ये नाही," रेइनो म्हणाला. "चल."

मग टेस्टरचा धडा. टेस्टर आधी चालू तारेला लावून बघायचा, म्हणजे तो खोटं बोलत नाही हे कळतं. मग बंद तारेला. मग परत चालू तारेला. त्यानंतरच बोट. एकदा पावसाळी गारठ्यात तमाराने शेवटची पायरी गाळली, तर रेइनोने काहीही न बोलता तिचा सगळा जोड उकलून ठेवला आणि जेवायला निघून गेला. तिने मनातल्या मनात त्याला युक्रेनी, इंग्रजी आणि दोन-चार फिनिश शिव्या घातल्या, आणि पुन्हा कधी पायरी गाळली नाही. तिला तो आवडायचा, हे सरळच सांगितलेलं बरं. वडील गेल्यापासून तिला असं घालूनपाडून बोलणारं कुणी उरलंच नव्हतं.

एखादा कुलूप लटकवून तसाच घरी गेला, तर ते तोडायचं नाही असा जुना रिवाज. माणूस कुठेही असो, जेवत असो की झोपत असो, त्यानेच येऊन काढायचं, कारण कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे असंच धरायचं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या टोळीला पर्शन खिलवायचे. गुलाबी साखरेने माखलेला तो गोड पाव या गावाबाहेर कुणी खात नाही आणि गावात कुणी सोडत नाही. नोव्हेंबरात रेइनोने टोळीला तीनदा पर्शन खिलवले. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा कर्टिस म्हणाला, "उक्को, आमचं वजन वाढवायचा विचार दिसतोय." कर्टिस टोळीतला सगळ्यात तरुण लायसनवाला, जीभ सैल पण मन साफ. तिसऱ्यांदा अर्धे पर्शन खोक्यातच राहिले. फोरमन डॉमने रेइनोला बाजूला घेतलं. दोघांनी उमेदवारी एकत्र केलेली, त्यामुळे डॉमलाच जास्त जड गेलं.

"आणखी एकदा झालं तर मला तुला घरी बसवावं लागेल," तो म्हणाला. "जूनपर्यंत कसंबसं काढ, रेइनो. मग मानाने निवृत्त हो."

रेइनोने मान हलवली. त्या दिवशी त्याने पकड कुठे ठेवली ते चारदा विचारलं, आणि चारही वेळा ती त्याच्या कमरेच्या पट्ट्यातच होती.

पुढच्या रविवारी रेइनोची बायको आयली तमाराच्या दारात उभी राहिली. आत येईना, चहा घेईना. कोटाच्या खिशातून तिने एक छोटी चावी काढली. कुलपाबरोबर दोन चाव्या येतात, आणि दुसरी मोडून टाकायची असा नियम आहे. रेइनोने आयुष्यात तेवढा एकच नियम पाळला नव्हता. चांगली चावी मोडवली नाही म्हणून कॉफीच्या डब्यात टाकून ठेवली होती, आणि मग ती तिथे आहे हेच विसरला होता.

"तू त्याच्याबरोबर असतेस," आयली म्हणाली. "संध्याकाळी बघत जा. राहिलेलं दिसलं तर काढून त्याच्या पेटीत टाक. त्याला कळू देऊ नकोस. जूनपर्यंतच गं."

तमाराने चावी घेतली. घ्यायला नको होती, हे तिला चावी हातात पडतानाच कळत होतं. पण साठी ओलांडलेली बाई बर्फात उभी राहून हात पुढे करते, तेव्हा नियमांची पोथी कोण उघडतं?

हिवाळाभर ते चाललं. रेइनो घरी गेला की तमारा पंज्याकडे बघायची. बहुतेक दिवशी पंजा रिकामा असायचा. कधी त्याचं कुलूप तसंच लटकलेलं दिसायचं, मग ती गॅलरीत जाऊन कोपरान् कोपरा बघून यायची, खाली येऊन कुलूप काढायची आणि त्याच्या पेटीत टाकायची. सकाळी रेइनो पेटी उघडून कुलूप उचलायचा, काही झालंच नाही अशा थाटात. पहिल्यांदा तिने दोनदा मागे वळून बघितलं. नंतर बघेनाशी झाली. सवय वाईट असते ती अशी, पाय न वाजवता येते.

मार्चातल्या एका बुधवारी दोघं आठव्या मजल्यावर एका मोटारीचं काम करत होते. बर्फाला तडे जायला लागले होते, पहिलं जहाज कधीही येईल म्हणून कोठारवाल्यांनी घाई लावली होती. तमाराला ताप होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दिवसाचे तास बुडाले असते, आणि तास पुरे झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तिसऱ्या प्रहरी रेइनो म्हणाला, "तू खाली जाऊन सामान आवर. एवढं झाकण बसवून मी आलोच मागोमाग."

ती खाली आली. माणसं वर नेणारा पाळणा दुरुस्तीला काढला होता, म्हणून आठ मजले पायांनीच उतरावे लागले. तिने आपलं कुलूप काढलं, सामान आवरलं, केबलचे तुकडे गोळा केले, आणि मग तिथेच एका खोक्यावर बसली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला असावा. डोळे उघडले तेव्हा माणसं घरी निघाली होती, आणि पंज्यात एकच कुलूप लटकत होतं. रेइनोचं.

"उक्को गेला का?" तिने कर्टिसला विचारलं.

कर्टिस जाकिटाची चेन लावत होता. "गेलाच असणार. बाहेर गाडी नाहीये त्याची. आज बुधवार, सौनाचा दिवस, घरी वाफेत बसायचा. बुधवारी तो देवासाठीसुद्धा थांबत नाही."

तिने दारातून बघितलं. रेइनोचा निळा ट्रक रोज जिथे असतो तिथे नुसतं बर्फ होतं. ट्रक त्या दिवशी सकाळीच आयली घेऊन गेली होती, लाकडं आणायला, आणि पाच वाजता नवऱ्याला न्यायला येणार होती. हे त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तमारा जिन्याच्या तोंडाशी गेली आणि वर बघून तिने एक हाक मारली. धूळ ओढणारा पंखा घरघरत होता. उत्तर आलं नाही. आठ मजले. तिने कठड्यावर हात ठेवला, एक पायरी चढली, आणि परत खाली उतरली.

मग खिशातली चावी काढली. कुलूप काढलं, रेइनोच्या पेटीत टाकलं, पंजा उतरवला, दांडा वर केला आणि पट्टे चालवणाऱ्या ऑपरेटरला फोनवर सांगितलं, "मोकळं आहे."

रेइनो तेव्हा अजून वर झाकणाशीच होता. शेवटचा स्क्रू तिरका गेला म्हणून त्याने झाकण पुन्हा उघडलं होतं आणि आतली तार बाजूला सारायला बोटं घातली होती. ठिणगी पडली आणि तो मागे फळ्यांवर फेकला गेला. दोन बोटं भाजली, एक बरगडी दुखावली. याहून जास्त काही झालं नाही याला नशीबच म्हणायचं, दुसरं काय. तो स्वतःच जिना उतरून आला, एक हात दुसऱ्या हातात धरून, धुळीने पांढराफटक. तमारा अजून तिथेच होती. तिला बघून तो म्हणाला, "चालू झालं गं."

डॉम धावत आला. रेइनोला खुर्चीवर बसवलं, बोटांवर ओलं फडकं बांधलं. मग त्याने विचारलं, "कुलूप लावलं होतंस का, रेइनो?"

रेइनोने पंज्याच्या जागेकडे बघितलं. मग त्याची नजर आपल्या पेटीवर गेली. कुलूप तिथे होतं. 

"पेटीत आहे म्हणजे नाही लावलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं लावलं. नाही लावलं."

तमारा दोन पावलांवर उभी होती. चावी तिच्या मुठीत होती. तोंड उघडायला एवढा सोपा क्षण पुन्हा येणार नव्हता, आणि तो तिने जाऊ दिला. आधी वाटलं, दवाखान्यातून आल्यावर सांगू. मग वाटलं, परीक्षा झाल्यावर सांगू. खरं कारण सांगायचं तर ती घाबरली होती आणि थकली होती, आणि त्या दोन्हींतलं कुठलं जास्त होतं हे तिलाही सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये टोळीने रेइनोला निरोप दिला. पर्शन आले, भाषण झालं. डॉमने पाठ थोपटली, सगळ्यांनी हात मिळवले. सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते. आपला टेस्टर तमाराला देऊन रेइनो घरी गेला. तिने तो घरच्या कपाटात ठेवला, वापरला नाही.

ती अधूनमधून त्याच्याकडे जायची. जायला पाय निघायचा नाही आणि न जाता राहवायचंही नाही. रेइनोने गाडी चालवणं सोडलं होतं. घरामागची सौना त्याने स्वतः बांधलेली, तिची चूल आजवर दुसऱ्या कुणी पेटवली नव्हती. आता तो तिच्याकडे फिरकत नव्हता. बुधवारी आयली चूल पेटवायची आणि तो पाहुण्यासारखा बाकावर बसून राहायचा.

"पेटवा की तुम्ही," तमारा एकदा म्हणाली.

"ज्याला आपलं कुलूप लावायचं भान राहत नाही, त्याने विस्तवाशी खेळू नये," रेइनो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "परीक्षा कधी आहे तुझी?" तिने सांगितलं. कॉफी संपायच्या आत त्याने परत विचारलं.

एरवी किती गोष्टी विसरायचा तो. बहिणीच्या मुलांची नावं विसरायचा, जेवलो की नाही ते विसरायचा. तेवढी एक न घडलेली गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात घट्ट बसली होती. रात्री उठून तो दारं बघायचा, शेगडीची बटणं बघायचा, नळ बघायचा. आयलीच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. ती तमाराला कॉफी द्यायची, पाव द्यायची, पण नजर द्यायची नाही.

परीक्षा पंधरवड्यावर आली. तमारा टेबलाशी बसली होती, समोर पुस्तक. प्रश्न सुरक्षेचा होता, पहिल्या दिवसापासून तोंडपाठ असलेला: कुलूप काढण्याचा अधिकार कुणाचा? चार उत्तरं दिली होती, त्यातल्या एकावर खूण करायची. तिने पेन्सिल टेकवली आणि तिला खूण करता येईना. आई मटार सोलत होती. "काय गं, अवघड आहे का?" तिने विचारलं. तमारा म्हणाली, "नाही, सोपंच आहे," आणि ढसाढसा रडली. आईने मटार बाजूला ठेवले. त्या संध्याकाळी तमाराने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तो म्हातारा स्वतःला वेडा समजतोय," आई म्हणाली, "आणि तू त्याला समजू देतेयस."

शुक्रवारी काम सुटल्यावर तमारा डॉमच्या खोपट्यात गेली. उभ्या उभ्याच सांगितलं. चावी टेबलावर ठेवली.  डॉमने चष्मा काढून डोळे चोळले.

"आज सांगतेस," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी. गप्प बसली असतीस तर बसली असतीस की गं. आता मला सगळं परत उघडावं लागणार."

"माहितेय."

"तू माणूस मारला असतास, तमारा."

"माहितेय."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तोही थकलेला होता. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणाऱ्याला टोळीत जागा नाही, हे त्याला तिला सांगावंही लागलं नाही. उमेदवारांच्या समितीला त्याने तिच्यासमोरच फोन लावला. एक वर्ष कामाला हात लावायचा नाही. या हिवाळ्याचे सगळे तास बाद. वर्षानंतर कुणी उस्ताद उभा राहिला तर पुन्हा बघू. जाताना तिने आपलं लाल कुलूप पट्ट्यातून काढून त्याच्यासमोर ठेवलं. बाहेर कर्टिस गाडीशी उभा होता. त्याला काय ते कळलं असावं. त्याने तिची हत्यारांची पेटी उचलून तिच्या गाडीत ठेवली.

रविवारी ती रेइनोकडे गेली. आयलीने वेलदोड्याचा गोड पाव कापला होता. रेइनो खिडकीशी बसला होता. भाजलेल्या बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती. तमाराने खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"उक्को, त्या बुधवारी तुम्ही कुलूप लावलं होतं," ती म्हणाली. "ते मी काढलं. माझ्याकडे दुसरी चावी होती. मला वाटलं तुम्ही घरी गेलात. मी वर येऊन बघितलं नाही."

 आयलीचा हात सुरीवर थांबला.

"परत सांग," रेइनो म्हणाला.

तिने परत सांगितलं.

"कितव्या भोकात होतं?"

"वरून दुसऱ्या. माझं होतं त्याच्या शेजारी."

"दुसऱ्यातच घालतो मी."

"दुसऱ्यातच होतं."

रेइनो उठला. गेल्या दोन महिन्यांत पाठीला आलेला बाक तमाराच्या डोळ्यांदेखत निघून गेला. "आयली," त्याने हाक मारली, आयली हाताच्या अंतरावर होती तरी. "ऐकलंस का? मी लावलं होतं."

"ऐकलं," आयली म्हणाली.

मग तो तमाराकडे वळला, आणि त्याचा चेहरा पुन्हा तिच्या उस्तादाचा झाला. "आठ मजले चढायला काय धाड भरली होती?"

"थकले होते."

"थकलं की बसायचं. थकून कुलूप काढायचं नाही."

"हो."

"डॉमला सांगितलंस?"

"परवा. वर्षभर घरी बसायला सांगितलंय. हिवाळ्याचे तास बाद."

"बरोबर आहे त्याचं," रेइनो म्हणाला. त्याने तिची कीव केली नाही, समजूतही घातली नाही, आणि तमाराला त्या बुधवारनंतर पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. रेइनोने खुंटीवरचं जाकीट ओढलं. "रविवार असू दे नाहीतर काही असू दे. मी सौना पेटवतोय," असं म्हणून तो मागच्या दाराने बाहेर पडला.

खिडकीतून तो दिसत होता. लाकडं उचलत होता, दारातला पालापाचोळा बुटाने सारत होता. थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघाला. आयली त्या धुराकडे बघत होती.

"मला त्याच रात्री कळलं होतं," ती म्हणाली. "कुलूप पेटीत होतं म्हणाला ना, तेव्हाच. पण चावी मी दिलेली. आणि ट्रकही मीच नेलेला. म्हटलं, जिवंत आलाय, आता कशाला."

"मीही तेच म्हणत होते," तमारा म्हणाली.

 एकमेकींवर रागावायचं त्राण दोघींतही उरलं नव्हतं. आयलीने तिच्या कपात कॉफी ओतली आणि यावेळी तिच्या डोळ्यांत बघितलं.

रेइनो आत आला. हाताला धुराचा वास, गालावर काजळी. त्याने खुर्चीत बसून कॉफीचे दोन घोट घेतले, पावाचा तुकडा बुडवून खाल्ला आणि तमाराकडे मायेने बघितलं.

"परीक्षा कधी आहे तुझी, पोरी?"

"यंदा नाही, उक्को."

"का? बस यंदाच. तुझा हात चांगला आहे." तो थोडा थांबला. त्याने आपली गुलाबी बोटं टेबलावर पसरली आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली. "फक्त माझ्यासारखं करू नकोस. चाळीस वर्षं काम केलं, आणि शेवटी एका बुधवारी कुलूप लावायचं विसरलो."

आयली उठून सिंककडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. तमाराने कप खाली ठेवला. हिवाळाभराचा शीण तिच्या गुडघ्यांत उतरला होता, आणि आता कामावर जायचं नव्हतं तरी तो गेला नव्हता.

"नाही, उक्को," ती म्हणाली. "तुम्ही विसरला नव्हता. त्या बुधवारी तुम्ही कुलूप लावलं होतं. वरून दुसऱ्या भोकात. ते मी काढलं."

रेइनोने मान वर केली.

"परत सांग," तो म्हणाला.

तमाराने त्याचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.